कोऱ्या कापडाचें ठिगळ

“सर, आपल्या शाळेंतल्या संगणकांवर सगळें जुनेंच कां असतें हो?” हा प्रश्न आम्हांस दरवर्षीं जून महिन्यांत एकदां तरी ऐकावा लागतो. घरीं वडील बंधूंच्या संगणकावर किंवा मामांच्या कार्यालयांत जी आज्ञावली चोविसावी किंवा पंचविसावी म्हणून मिरवीत असते, तिचीच सातवी आवृत्ति आमच्या वर्गांत पाहून नव्या विद्यार्थ्याचा जीव खट्टू होतो. जुना फळा, जुनीं बांकें, जुनी घंटा यांची त्यास संवय असते. संगणकहि जुनाच निघावा, हें मात्र त्यास सोसत नाहीं. आम्ही त्या प्रश्नास वर्षानुवर्षें एकच उत्तर देत आलों: “बाळ, जुनें आहे, पण भरंवशाचें आहे.” उत्तर खोटें नव्हतें. परंतु सन २०२४ च्या पावसाळ्यांत आमच्याच मनांत नव्याचा मोह शिरला. आणि त्या मोहापायीं आम्हीं स्वतःची जी फजिती करून घेतली, तिची हकीकत आज विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस प्रांजळपणें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमच्या संगणकांची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. आमच्या वर्गांतील पंधराहि संगणक लिनक्सवर चालतात. लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो लिनस टॉर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें सन १९९१ मध्यें प्रसिद्ध केला. त्या गाभ्याभोंवतीं हजारों आज्ञावल्या गुंफून वापरण्याजोगी प्रणाली सिद्ध करणारे जे संघ आहेत, त्यांपैकीं डेबियन हा एक जुना व नामांकित संघ होय. इयन मर्डॉक या तरुणानें ता. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं त्याची घोषणा केली. आणि पुढें आपली पत्नी झालेल्या डेब्राचें नांव व आपलें नांव यांची सांगड घालून ‘डेबियन’ हें नांव तयार केलें. जगभरचे स्वयंसेवक त्याचें काम पाहतात, आणि त्यांच्या श्रमांचें फळ कोणासहि विनामूल्य मिळतें. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीस ‘टॉय स्टोरी’ या बोलपटांतील एखाद्या पात्राचें नांव देण्याचा प्रघात आहे. आमच्याकडे त्या वेळीं जी बारावी आवृत्ति होती, तिचें नांव ‘बुकवर्म’, म्हणजे पुस्तकी किडा. शाळेला याहून शोभणारें नांव तें कोणतें असणार?

ही बारावी आवृत्ति ता. १० जून २०२३ रोजीं बाहेर पडली, आणि तींत एकंदर ६४,४१९ पॅकेजें होतीं. पॅकेज म्हणजे एखादी आज्ञावली तिच्या सर्व साहित्यासह व्यवस्थित बांधून ठेवलेलें गाठोडें. ज्या दिवशीं आवृत्ति ‘स्थिर’ म्हणून जाहीर होते, त्या दिवशीं हीं सर्व गाठोडीं जणूं मोहोरबंद होतात. त्यानंतर सुरक्षिततेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या आंत येतात. नवीं वैशिष्ट्यें सहसा येत नाहींत. सुमारें दोन वर्षांनीं पुढील स्थिर आवृत्ति निघेपर्यंत हाच नेम. जेथें शिक्षक एक आणि संगणक पंधरा, तेथें ही व्यवस्था किती सुखाची असते हें अनुभवावांचून कळणार नाहीं. सोमवारीं शिकविलेली कृति शुक्रवारींहि तशीच चालते, आणि जूनमध्यें फळ्यावर काढून दाखविलेली आकृति मार्चमध्येंहि पडद्याशीं जुळते.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. जुलै महिन्यांतील एका दुपारीं इयत्ता नववींतील एक मुलगी या वार्षिकासाठींच एक लेख संगणकावर लिहीत बसली होती. विषय होता तिची आजी. आजी त्याच वर्षीं मे महिन्यांत निवर्तली होती. मुलगी सावकाश लिहीत होती. एकेक शब्द आठवून लिहीत होती. दीड पान झालें असेल नसेल, तोंच आभाळ भरून आलें, वीज कडाडली, आणि वर्गांतील दिवे, पंखे व पंधराहि पडदे एकदम मालवले. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हांच निकामी झाल्या होत्या, आणि त्या बदलून घेण्याचें आमच्याच हातून राहून गेलें होतें. वीज परत आली तेव्हां तिच्या फाइलींत शीर्षक व त्याखालच्या दोन ओळी एवढेंच उरलें होतें. ती रडली नाहीं. तिनें इतकेंच म्हटलें, “सर, आजी जात्यावर बसल्यावर काय म्हणायची, तें मला मघांशीं बरोबर आठवलें होतें. आतां तसें येत नाहीं.”

लिहिलेलें वरचेवर जपून ठेवीत जावें, असा उपदेश करून आम्हीं तिला घरीं पाठविलें. पण तें वाक्य आमच्या मनांतून कांहीं जाईना. त्याच रात्रीं आमच्या वाचनांत आलें कीं, लिब्रेऑफिस या लेखनाच्या आज्ञावलीची २४.२ ही आवृत्ति जानेवारी २०२४ च्या अखेरीस निघाली असून, मजकूर मधून मधून आपोआप जपून ठेवण्याची व पूर्वप्रत राखण्याची सोय तींत मुळापासूनच चालू असते. आमच्या संगणकांवर होती ७.४. सातावरून एकदम चोविसावर उडी कशी, असें कोणी विचारील, तर ७.६ नंतर त्या संस्थेनें आवृत्तीस वर्ष व महिना यांचे अंक देण्याचें ठरविलें, म्हणून ही २४.२. आम्हांस वाटलें, औषध सांपडलें. आतां तें आणण्याचाच काय तो अवकाश!

डेबियनचीं मुख्य भांडारें तीन आहेत. नवें पॅकेज सामान्यतः प्रथम ‘अस्थिर’ भांडारांत येतें. या भांडाराचें नांव कायमचें ‘सिड’. सिड हा त्या बोलपटांतील शेजारचा, खेळणीं मोडणारा मुलगा. तेथें बहुधा दोन ते दहा दिवस राहून, गंभीर असा नवा दोष न आढळल्यास तें ‘चाचणी’ भांडारांत जातें. आणि हें चाचणी भांडार सुमारें दोन वर्षांनीं गोठवून, घासूनपुसून, त्याचीच पुढील ‘स्थिर’ आवृत्ति होते. पुस्तकी रीतीनें आम्हांस हें सर्व ठाऊक होतें. तरीहि आम्हीं मनाशीं म्हटलें: एकच पॅकेज तर हवें आहे, चाचणी भांडारांतून तेवढें उचलावें, कोणास कळणार आहे? आमच्या टेबलावरील संगणकाच्या यादींत आम्हीं चाचणी भांडाराची एक ओळ लिहिली, आणि पॅकेजें आणून बसविणाऱ्या ‘ॲप्ट’ या साधनास आज्ञा केली.

ॲप्टनें आपलें कर्तव्य चोख बजावलें. कोणतीं पॅकेजें नवीं येतील, कोणतीं बदलतील आणि कोणतीं काढून टाकावीं लागतील, यांची लांबलचक यादी त्यानें पडद्यावर मांडली, व खालीं विचारलें: पुढें जावयाचें काय? रात्रीचे अकरा वाजून गेले होते. प्रश्नपत्रिका दोनदां वाचल्याशिवाय लेखणी उचलूं नका, असें गेलीं कित्येक वर्षें मुलांस बजावीत आलेल्या या शिक्षकानें ती यादी न वाचतांच ‘होय’ म्हटलें!

संगणक बंद करून पुन्हां चालू केला, तों पडदा काळाठिक्कर. डाव्या कोपऱ्यांत एक पांढरी रेघ लुकलुकत होती. चित्रें, खिडक्या, नेहमींचा सारा संसार नाहींसा झाला होता. त्याच संगणकांत नववीच्या घटक चाचणीचे गुण होते. त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. आणि तें गुणपत्रक दुसऱ्याच दिवशीं द्यावयाचें होतें. दुपारीं एका मुलीस जपून ठेवण्याचा उपदेश करणारे आम्ही रात्रीं स्वतः हात चोळीत बसलों.

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यास याच कामांत आहे. अवेळीं दूरध्वनि करण्याचा संकोच बाजूस ठेवून आम्हीं त्यास गांठलें. सर्व ऐकून तो प्रथम हंसला, आणि मग जीभ चावून म्हणाला, “सर, माफ करा हं, पण आपण फ्रँकनडेबियन केलेंत!” मेरी शेली या इंग्रज लेखिकेची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी सन १८१८ मध्यें प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या ठिकाणचे अवयव जमवून सजीव प्राणी निर्माण करणाऱ्या, आणि मग त्याच प्राण्यामुळें हवालदिल होणाऱ्या माणसाची ती कथा आहे. निरनिराळ्या आवृत्त्यांचीं पॅकेजें एकाच देहांत शिवून केलेल्या प्रणालीस डेबियनचे लोक थट्टेनें त्या कथेवरून नांव देतात. त्या विद्यार्थ्यानें आम्हांस धीर दिला. “डिस्कवरच्या फाइली कोठें गेल्या नाहींत, सर. पेनड्राइव्हवरून संगणक चालू करा आणि आधीं गुण उतरवून घ्या,” असें म्हणून एकेक पायरी त्यानें सांगितली. पहांटे दोन वाजतां गुण हातीं आले. ती प्रणाली मात्र पुसून टाकून सर्व नव्यानें बसवावें लागलें.

एका पॅकेजानें एवढा अनर्थ कसा झाला? त्या विद्यार्थ्यानें जें समजाविलें, तें असें. एकटें पॅकेज असें बहुधा नसतेंच. प्रत्येक आज्ञावली अनेक सामाईक लायब्रऱ्यांच्या आधारावर उभी असते. चाचणी भांडारांतील लिब्रेऑफिस हें त्याच भांडारांतील नव्या लायब्रऱ्यांच्या मापानें बेतलेलें असतें. तें आलें कीं त्याच्या मागोमाग त्या लायब्रऱ्या येणार. आणि ज्या सी लायब्ररीवर जवळजवळ सारी प्रणाली उभी असते, तीहि बदलणार. मग जुन्या मापानें बेतलेलीं इतर पॅकेजें निराधार होऊन बाहेर पडणार. त्यांतून सन २०२४ हें वर्ष विशेष घालमेलीचें होतें. संगणक ता. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून काळ ओळखतात. ज्यांत या मोजणीस ३२ बिटांचीच जागा आहे, त्यांत ती ता. १९ जानेवारी २०३८ रोजीं मावेनाशी होणार. त्यावर उपाय म्हणून डेबियननें त्या वर्षीं शेंकडों लायब्रऱ्या नव्यानें बांधून त्यांचीं नांवें बदलण्याचें काम हातीं घेतलें होतें. नेमक्या अशा वेळीं आम्हीं तेथें हात घातला.

हें ऐकतांना आम्हांस आमच्या मातोश्रींची आठवण झाली. त्या शिवणकाम करीत. जुन्या सदऱ्यास ठिगळ लावावयाचें असलें तर कोरें कापड त्या तसेंच कधीं लावीत नसत. आधीं तें पाण्यांतून काढीत, उन्हांत वाळवीत, पुरतें आटूं देत, आणि मग कात्रीला हात घालीत. शुभवर्तमानांत कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दृष्टांत आहे. तो लहानपणीं देवळांत प्रथम ऐकला तेव्हां त्याचा अर्थ आम्हांस कोणीं समजावून द्यावा लागला नाहीं. कोरें ठिगळ पहिल्याच धुण्यांत आटतें, आणि भोंवतालचें जुनें कापड ओढून फाडतें. घरीं पाहिलेली व देवळांत ऐकलेली ही गोष्ट चाळिशी उलटल्यावर आम्ही एका रात्रींत विसरलों.

मग स्थिर प्रणालीला नवें ठिगळ कधींच लावूं नये काय? तसें नाहीं. आटवून घेतलेल्या कापडाचें भांडारहि डेबियनपाशीं आहे, आणि त्याचें नांव ‘बॅकपोर्ट्स’. सन २०१० पासून तें डेबियनचें अधिकृत अंग आहे. चाचणी भांडारांतील निवडक पॅकेजें घेऊन स्वयंसेवक तीं स्थिर आवृत्तीच्याच लायब्रऱ्यांवर नव्यानें बांधतात. सर्वच पॅकेजें तेथें मिळत नाहींत. ज्याचा भार उचलणारा कोणी पुढें आला असेल तेंच मिळतें. शिवाय मूळ स्थिर पॅकेजांइतकी त्यांची पारख झालेली नसते, हेंहि डेबियन उघडपणें सांगतें.

तेथें शोध कसा करावा, तें विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें नमूद करितों. प्रथम भांडारांच्या यादींत आपल्या आवृत्तीच्या बॅकपोर्ट्सची ओळ घालावी आणि ॲप्टकडून याद्या ताज्या करून घ्याव्या. एवढ्यानें संगणकांतील एकहि पॅकेज बदलत नाहीं. कारण स्थिर भांडाराचा मान ५०० आणि बॅकपोर्ट्सचा १०० असा ठरलेला असून, मागितल्यावांचून तें पुढें येत नाहीं. नंतर ‘ॲप्ट पॉलिसी’ ही आज्ञा देऊन पॅकेजाचें नांव लिहावें. म्हणजे आपल्याकडे कोणती आवृत्ति बसविलेली आहे, आणि कोणत्या भांडारांत कोणती मिळते, हें एकाखालीं एक दिसतें. हवी ती तेथें असेल तर बॅकपोर्ट्सचें नांव स्पष्ट लिहून तेवढेंच पॅकेज मागवावें. पुढें त्याच्या सुधारणाहि तेथूनच येत राहतात. आणि शेवटीं ॲप्टनें मांडलेली यादी वाचावी. पुन्हां सांगतों, यादी वाचावी. काढून टाकावयाच्या पॅकेजांत एक जरी अनपेक्षित नांव दिसलें, तरी ‘नाहीं’ म्हणून उठावें आणि जाणत्यास विचारावें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं नववीच्या वर्गापुढें सर्व हकीकत जशी घडली तशी सांगितली. मुलें मनसोक्त हंसलीं, आणि तो त्यांचा हक्कच होता. त्याच आठवड्यांत आमच्या टेबलावरील संगणकावर बॅकपोर्ट्समधून लिब्रेऑफिस २४.२ सुखरूप आलें. त्या मुलीस बोलावून आम्हीं मोठ्या डौलानें म्हटलें, “आतां निर्धास्त लिही.” तिनें लगेच लिहावयास आरंभ केला नाहीं. आपोआप जपण्याची ही सोय आहे तरी कोठें, तें तिनें पर्यायांच्या चौकटींत शोधून काढलें. मग ती उठली, शेजारच्या जुन्या संगणकापाशीं गेली, तीच चौकट उघडली, आणि म्हणाली, “सर, हें तर ह्याच्यांतहि आहे. फक्त खूण केलेली नाहीं.”

खरेंच होतें. मजकूर किती मिनिटांनीं जपावा, पूर्वप्रत ठेवावी कीं नाहीं, हें ठरविण्याची जागा ७.४ मध्येंहि होती. ती चौकट आमच्या वर्गांत इतके दिवस आमची वाट पाहत होती, आणि आम्ही मात्र तिच्यासाठीं रात्रीं अकरा वाजतां परक्या भांडाराचें दार ठोठावलें. उरलेल्या चौदा संगणकांवर खुणा करण्यास अर्धा तासहि लागला नाहीं. मागून यूपीएसच्या बॅटऱ्याहि बदलून घेतल्या.

तथापि नव्याची गरज कधींच नसते, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच वर्षीं दिवाळीच्या सुमारास एका माजी विद्यार्थ्यानें शाळेस दोन नवे लॅपटॉप भेट दिले. त्यांतील वायफायचा भाग इतका नवा होता कीं, बुकवर्मच्या ६.१ या कर्नलास त्याची ओळखच पटेना. या वेळीं चौकटी धुंडाळून उपयोग नव्हता. जें जन्मलेंच मागाहून, तें आधीं लिहिलेल्या कर्नलास ठाऊक असणार कसें? आम्हीं बॅकपोर्ट्समध्यें शोध केला, नवा कर्नल व त्याच्या जोडीस लागणारें फर्मवेअर सांपडलें, यादी दोनदां वाचली, आणि मगच ‘होय’ म्हटलें. जुना कर्नलहि संगणकांत ठेवला, म्हणजे न जमल्यास माघारीं येतां येईल. दोन्ही लॅपटॉप पहिल्याच खेपेस जाळ्याशीं जोडले गेले. जे बॅकपोर्ट्समध्येंहि मिळत नाहीं, तें पुष्कळदां ‘फ्लॅटपॅक’च्या रूपानें मिळतें. त्यांत आज्ञावली आपल्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या वेगळ्याच घेऊन येते, आणि घरच्या लायब्रऱ्यांस हात लावीत नाहीं. जागा मात्र अधिक व्यापते. चित्रकलेच्या मुलांसाठीं आम्हीं ‘क्रिता’ ही आज्ञावली अशीच आणली आहे.

जुन्याच्या बाजूनेंहि एक साक्ष नोंदविली पाहिजे. सन २०२४ च्याच मार्च महिन्यांत आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानांत आलें कीं, एका संगणकांत दुरून प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. तेवढ्या सुतावरून माग काढीत गेल्यावर त्यास ‘एक्सझेड’ या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ताज्या आवृत्तींत कोणीं तरी चोरदरवाजा बसविलेला आढळला. ता. २९ मार्च रोजीं त्यानें ही गोष्ट जगापुढें आणली. डेबियनच्या अस्थिर व चाचणी या दोन्ही भांडारांत तें दूषित पॅकेज पोंचलें होतें. स्थिर भांडारांत पोंचलें नव्हतें. ज्या जुनेपणास मुलें नाक मुरडतात, त्यानेंच त्या वेळीं असंख्य संगणकांचें रक्षण केलें.

पुढें ता. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं डेबियनची तेरावी आवृत्ति ‘ट्रिक्सी’ बाहेर पडली. तींत ६९,८३० पॅकेजें असून, लिब्रेऑफिस २५.२ व कर्नल ६.१२ हीं त्यांतच आहेत. दिवाळीच्या सुट्टींत आम्हीं पंधराहि संगणक एकेक करून तिच्यावर नेले. प्रत्येक संगणकाची प्रत आधीं बाजूस काढून ठेवली. ज्याच्यासाठीं आम्हीं एक रात्र जागविली, तें सव्वा वर्षानें न मागतां दारीं आलें.

त्या मुलीचा लेख गेल्या वर्षींच्या अंकांत छापून आला. कित्येक पालकांनीं तो आवडल्याचें आम्हांस मुद्दाम सांगितलें. परंतु जात्यापाशीं बसून आजी काय म्हणे, तें वाक्य त्या लेखांत नाहीं. तें तिला पुन्हां आठवलें नाहीं. आम्हीं आणलेल्या कोणत्याहि आवृत्तीनें तें परत आणून दिलें नाहीं. तें जपावयाचें असतें, तर वीज जाण्यापूर्वीं एक खूण करून ठेवणें एवढेंच पुरेसें होतें, आणि तें काम आमचें होतें.

म्हणून आतां जूनमध्यें पहिल्या तासास आम्ही प्रथम ती खूण दाखवितों, आणि मग पुढचें शिकवितों. “सर, सगळें जुनेंच कां?” असें कोणीं विचारलें, तर त्यास जवळ बसवून म्हणतों, “तुला काय हवें आहे तें सांग. आधीं आहे त्यांत नीट पाहूं. नसेल तर बॅकपोर्ट्समध्यें शोधूं. आणि ॲप्टनें दिलेली यादी मोठ्यानें तूं वाच, आम्ही ऐकतों.”